मामाच्या गुलाबी गाठी

अख्ख्या मेहकर तालुक्यात उगवलेलं रोप उपटून खूश होणारा शेतकरी एकच, आणि तो माझा मामा. जानेफळजवळ टेकडीवर त्याची बरड जमीन आहे. नुसता मुरूम, कुसळी गवतसुद्धा तिथं रुसल्यासारखं उगवतं. तिथं मामानं स्टायलो पेरायचं काढलं. हा चारा शेंगवर्गातला, मुळांवरच्या गाठींत हवेतलं नत्र धरून ठेवतो. गुरांचंही पोट भरतं आणि जमिनीचंही. बियाण्याला गुळाच्या पाण्यातून या गाठी धरवणारे जिवाणू चोळताना मामाचा चेहरा हळद लावणाऱ्या करवलीसारखा होतो. बी सावलीत वाळत असताना जवळ कोणी शिंकलेलंही त्याला खपत नाही. "हळू बे भाश्या, जित्ते जिवाणू हायेत ते!"

इथवर ठीक. पण गाठ नखानं फोडल्यावर आतून गुलाबी निघाली म्हणजे ती काम करते, हे कृषी सहायकानं सांगितलं आणि घात झाला. पोस्टमन आला, उपट रोप. सोयरे आले, उपट दोन. मुलगी पाहायला निघालेली मंडळी रस्ता विचारायला थांबली, त्यांनाही गाठ पाहिल्याशिवाय सुटका नाही. मी घरी त्याची नक्कल करायचो, "पाह्य, पाह्य, कारखाना चालू हाय!" मामी पदर तोंडात कोंबून हसायची. दोन पावसाळे असेच गेले, टेकडी टकलीच राहिली.

यंदा मात्र मामीचं हसू आटलं. कपिला गाय तिनं वासरापासून वाढवलेली, आणि विकतचा चारा परवडेना. "अर्धं रान तुमीच उपटून राह्यले, गाईनं काय खावं? दिवाळीपर्यंत चारा दिसला नाही तं कपिला जाईन बजारात."

मामानं तिसऱ्यांदा पेरलं, आणि आठवड्यातच बांधावरून घसरून पाय दोन जागी मोडून घेतला. दिवाळीपर्यंत प्लास्टर, खाट, आणि खाटेवरून टेकडी दिसत नाही.

दिवाळीला गेलो तर मामी कपिलेपुढं हिरवा भारा सोडत होती. धावत टेकडीवर गेलो. गुडघाभर स्टायलो, मधे कुठं खड्डा नाही. खाली आलो तशी मामानं हाक मारली.

"भाश्या, गाठी पाह्यल्या का? गुलाबी हायेत ना?"

"हाव मामा. एकदम गुलाबी."

त्यानं माझे हात पाहिले. मातीचा कण नव्हता.

"बरं केलं," एवढंच म्हणाला, आणि प्लास्टरवरची चादर उगाच सारखी करत राहिला.