रक्तातल्या आकड्याची धास्ती

सहदेव धुरींनी मरोळच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं लेथ मशीन चालवलं. गेल्या मार्चमध्ये, चहाच्या सुट्टीच्या जरा आधी, त्यांचा उजवा हात मशीनवरून आपोआप खाली घसरला. शेजारच्या खंडूला हाक मारायला गेले, तर तोंडातून नुसती घरघर आली. खंडूने त्यांना उचलून रिक्षात घातलं. अर्धांगाचा झटका होता; तासाभरात हॉस्पिटलात पोचले म्हणून वाचले.

वाचले, पण असल्फ्याच्या टेकडीवरच्या खोलीत परतले ते भीती घेऊनच. दुपारी डोळा लागला तरी दचकून उठायचे आणि उजव्या हाताची बोटं हलवून बघायचे. बोलणं हळूहळू परत येत होतं. ‘दुसरा झटका’ हे शब्द मात्र ते तोंडातून काढत नव्हते.

महिन्याने रक्त तपासलं. रिपोर्टात एकच आकडा मर्यादेबाहेर म्हणून ठळक होता: यूरिक ॲसिड, आठ पॉइंट दोन. डॉक्टरांची तारीख पंधरा दिवसांनंतरची. तेवढ्यात सहदेवांनी मोबाईलवर कुठेतरी वाचलं की यूरिक ॲसिड वाढलं की झटका येतो, आणि मासे, डाळींनी ते वाढतं. झालं. आधी मासे सुटले, मग डाळ, मग उसळ. पाणीही तोडलं, कारण सार्वजनिक संडासापर्यंतचा उतार उतरताना पडायची धास्ती. घास दोन घास भात खाऊन ताट सरकवायचे. हाताचे व्यायामही राहिले.

“अवो, असा उपाशी रवान अंगात ताकद खंयसून येतली?” बायको जानकी कळवळून म्हणायची.

“ताकद नको. जगायचंय मला.”

बाराव्या दिवशी सकाळी त्यांनी उजवा पाय जमिनीवर टेकवला आणि किंचाळून परत खाटेवर पडले.

“जानकी, आला गं. दुसरा आला.”

जानकीच्या हातातलं भांडं पडलं. मुलगी श्रुतिका ऑफिसला निघाली होती, ती चप्पल घालूनच आत धावली. झटका कसा ओळखायचा, हे हॉस्पिटलात शिकवलेलं तिला आठवलं. “बाबा, हसून दाखवा. दोन्ही हात वर करा.”

हात वर झाले. हसायला गेले आणि रडायलाच लागले. तोंड वाकडं झालंय की ते रडतायत, हे श्रुतिकाला कळेना. तिने रिक्षा बोलावली. टेकडी उतरताना दोन शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीत बसवून नेलं. घाटकोपरच्या हॉस्पिटलापर्यंत सहदेव आपलं नाव, पत्ता, मुलीचं नाव पुटपुटत होते, जीभ चालतेय ना हे बघायला.

तिथल्या डॉक्टर रेवती यांनी सगळं तपासलं, मेंदूचा स्कॅन केला. मग पायाच्या अंगठ्याला हलकेच बोट लावलं. सहदेव ओरडले.

“झटका नाहीये हा काका. अंगठा बघा, लालबुंद झालाय. याला गाऊट म्हणतात. यूरिक ॲसिडचे बारीक कण सांध्यात साचतात. उपाशी राहिलात, पाणी तोडलंत, त्यामुळेच उसळलं असणार.”

“मग त्या आकड्याने दुसरा झटका...?” पहिल्यांदाच ते दोन शब्द पुरे तोंडातून निघाले.

“खरं सांगू? काही अभ्यासांत यूरिक ॲसिड जास्त असलेले पेशंट झटक्यातून बरे सावरलेले दिसले, काहींत नेमकं उलटं. या एका आकड्यावरून तुमचं पुढचं मलाही सांगता येणार नाही. बीपीची गोळी चुकवू नका. नीट जेवा, पाणी प्या, व्यायाम करा.”

‘दुसरा झटका येणार नाही’ असं डॉक्टरांनी म्हणावं म्हणून सहदेव बघत राहिले. त्यांनी तसं म्हटलं नाही.

दहा दिवसांत अंगठ्याची सूज उतरली. पोटात अन्न जायला लागल्यावर व्यायाम पुन्हा सुरू झाले. गणपतीपर्यंत ते शर्टाची बटणं स्वतः लावू लागले. लेथ मात्र सुटलं ते सुटलंच. संध्याकाळी काठी घेऊन मेट्रो स्टेशनापर्यंत जाऊन येतात. खिशात श्रुतिकाच्या नंबराची चिठ्ठी असते.

सकाळी जानकी चुलीपाशी उभी राहून हाक मारते, “उठलात?” उत्तराला क्षणभर जरी उशीर झाला, तरी तिचा हात जागीच थांबतो.