बॉयलरघर विझलं तेव्हा

ओपल ट्रिगच्या अंगणात बर्फ कधी पांढरा राहिलाच नव्हता. फेअरबँक्स शहराबाहेर, लष्करी छावणीच्या कुंपणाला लागून तिचं घर. आणि स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच छावणीतल्या साऱ्या इमारतींना ऊब पुरवणारं कोळशाचं बॉयलरघर. सकाळी बर्फ पडला की दुपारपर्यंत त्यावर मिरपूड भुरभुरल्यासारखी काजळी. छावणीच्या धुलाईखान्यात तिनं जवानांच्या चादरी धुण्यात हयात घालवली, पण स्वतःचे कपडे कायम तळघरात वाळवले.

त्या शरदात बॉयलरघर कायमचं बंद झालं. प्रत्येक इमारतीला गॅसचे छोटे बॉयलर बसले. ओपलचा नवरा ड्यूई तिथला जुना कामगार. शेवटचा धूर विरला तसा तो घरात येऊन भिंतीकडे तोंड करून बसला.

पहिला बर्फ पडला. दुपार झाली, तरी अंगण पांढरंशुभ्र! ओपलनं बाहेर दोरी बांधली आणि घरातलं होतं नव्हतं ते धुऊन वाळत घातलं. कडाक्याच्या थंडीत कपडे क्षणात फळीसारखे ताठ झाले. ड्यूईची लोकरी विजार तर आपल्या पायांवर उभी राहिली. विजारीच्या कमरेला हात घालून ओपल अंगणभर गिरक्या घ्यायला लागली.

"अगं, वेड लागलं का तुला?" ड्यूई दारातून ओरडला.

"तू नाचत नाहीस, ही नाचते!"

तेवढ्यात घरामागून बदकं आली. एक, दोन, मग रांगच लागली. बॉयलरघरातून सुटणाऱ्या गरम पाण्यानं घरामागचं तळं हिवाळाभर उघडं राहायचं, म्हणून ही बदकं दक्षिणेला जाणंच विसरली होती. आता तळं गोठत चाललं होतं. बिचारी ओपलच्या दाराशी येऊन आरडाओरडा करायला लागली.

ओपलचं हसू मावळलं. "ड्यूई, आपल्या पांढऱ्या बर्फापायी ही मरतील रे."

"माझं बॉयलरघर असतं तर..." तो पुटपुटला; पण पुटपुटता पुटपुटता बूट चढवायला लागला होता.

ओपलनं वन्यजीव खात्याच्या मार्लिसबाईंना फोन केला. त्या जाळी आणि पिंजरे घेऊन आल्या. "शहरातल्या नदीचा एक पट्टा अजून वाहता आहे," त्या म्हणाल्या. "तिथं सोडू. पण आधी पकडा तर!"

मग जी धांदल उडाली! ओपल ओटचे दाणे उधळत पुढे, मार्लिसबाई जाळी घेऊन मागे, आणि मधे दोरीवरची ताठ चादर ढालीसारखी धरून ड्यूई. एक नर बदक त्याच्या दोन पायांमधून निसटलं. त्याला धरायला ड्यूई वळला आणि चादरीवरच आपटला. घसरगुंडीवर बसल्यासारखा तो थेट तळ्याच्या काठापर्यंत गेला. बदकं ओरडत त्याच्या मागे!

"थांबव मला!" तो किंचाळला.

"कशाला? सगळी तुझ्यामागेच येताहेत!" ओपल हसून हसून बर्फात बसली. मार्लिसबाईंनी चपळाईनं जाळी टाकली. ड्यूई बर्फ झाडत उठला, आणि बॉयलरघर बंद झाल्यापासून पहिल्यांदाच पोट धरून हसला.

पिंजरे गाडीत चढले. नदीकाठी दारं उघडताच बदकं धपाधप वाहत्या पाण्यात शिरली. तिथल्या जुन्या बदकांनी आधी गोंगाट केला, मग जागा दिली. एक मादी मात्र काठावर टेकलेल्या ड्यूईच्या मांडीवर येऊन बसली, ती उठेना.

"जा बाई," तो तिला म्हणाला. "तिकडचं काम संपलं आता. माझंही संपलं." ती गेली.

परतताना तो चहाच्या दुकानात थांबला आणि आपण चादरीवरून कसे उडालो ते त्यानं ओळखीच्या दोघांना सांगितलं. तिसरा आला तेव्हा पुन्हा सांगितलं. ओपल शेजारी बसून केक खात होती. प्रत्येक वेळी तळं लांब होत होतं आणि बदकं वाढत होती, पण तिनं एकदाही टोकलं नाही.