घरपट्टीत पहिला नंबर

बहारीनमध्ये, उम्म अल हस्सम भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचाही एसी बंद पडला की आधी खालच्या मजल्यावरच्या खंडू सरवदेंना हाक जायची. घरमालक नजीबला सांगून काही उपयोग नसायचा. तो ‘इंशाल्ला’ म्हणून मोकळा व्हायचा आणि आम्ही घामानं निथळायचो. खंडूभाऊ कंपनीतही एसीचंच काम करायचे, तरी ड्यूटीवरून आले की चहासुद्धा न घेता पान्हे घेऊन वर यायचे. माणूस सोन्यासारखा. फक्त गावाकडच्या घराचा विषय काढायचा नाही. काढला की संपलंच! माझी पोळी तव्यावर करपायची आणि यांचं आपलं चालूच, “वहिनी, औंदा जिन्याला ग्रॅनाइट लावलं.”

तेही साहजिकच होतं म्हणा. गाव सोलापूरकडचं, तालुक्याचं. त्यांचे वडील वस्तीत पत्र्याच्या खोपीत जगले आणि तिथंच गेले. त्या वस्तीत खंडूभाऊंनी पहिलं स्लॅबचं घर बांधलं, पुढे कमानी, दारावर निळ्या अक्षरांत ‘जय भीम’. दर सुट्टीला इथून काहीतरी जायचं. कधी झुंबर, कधी गालिचा, एकदा तर सोफासेट बोटीनं गेला. त्यांची बायको सुमनबाई मात्र इथे मोडक्या पायाच्या टेबलावर भाजी चिरायची. मी एकदा म्हटलं, “अहो, एखादी वस्तू इथेही वापरा की!” तर म्हणाली, “इथलं काय, इथलं भाड्याचं. आपलं घर तिकडं.”

त्या घरात खंडूभाऊंची आई राहायची, गंगूबाई. म्हणजे राहते असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. म्हातारीला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि फोन परवडायचा नाही, म्हणून कॅसेट चालायच्या. इथून कुणी सुट्टीवर निघालं की त्याच्या बॅगेत एक भरलेली कॅसेट, येताना तिची एक. खंडूभाऊंच्या प्रत्येक कॅसेटचा शेवट ठरलेला, “आई, वस्तू जप बरं का.” आपण नाही का ‘तब्येतीला जप’ म्हणत, तसं.

आखाती युद्ध संपून दोनतीन वर्षं झाली असतील. एका संध्याकाळी खंडूभाऊ हातात नगरपालिकेच्या नोटिशीची झेरॉक्स घेऊन आमच्याकडे आले. चेहरा पार उतरलेला. गावात सगळ्या घरांची नव्यानं आकारणी झाली होती आणि यांची घरपट्टी एकदम आभाळाला भिडली होती. आमचे हे, दत्तप्रसाद, बँकेत अकाउंटंट. त्यांनी चष्मा चढवला. मी मनात म्हटलं, झालं, आता जेवण गार होणार.

“सोपं आहे,” हे म्हणाले. यांनी ‘सोपं आहे’ म्हटलं की समजावं, अवघड आहे. “घर भाड्यानं दिलं तर किती भाडं येईल, ते धरून पट्टी लावतात.”

“पण मला भाड्यानं द्यायचंच न्हाई. मग भाडं धरायचं कशाला?”

“समजा दिलं तर.”

“समजा कशाला? मेलो तरी देणार न्हाई!”

“म्हणून तर सवलत असते ना. मालक किंवा त्याचे आईवडील स्वतः राहत असतील तर पट्टी बरीच कमी होते. इथे लिहिलंय की तुमची सवलत रद्द केली, कारण घरात कुणी राहत नाही.”

खंडूभाऊ ताडकन उठले. “कुणी राहत न्हाई? माझी आई काय भूत हाय का?”

तेवढ्यात नजीब भाडं न्यायला आला. मोडक्यातोडक्या हिंदीत विचारत त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि तो भलताच चक्रावला. स्वतःच्या घरावर टॅक्स? इथे तर बलदिया, म्हणजे इथली नगरपालिका, पैसे घेते ते आमच्यासारख्या भाडेकरूंकडून. घरात राहणाऱ्या मालकाला ‘मफी’, म्हणजे काहीच नाही.

“म्हंजे इथं मी भाडेकरू म्हणून भरायचं,” खंडूभाऊ म्हणाले, “आणि तिथं मालक म्हणून पण मीच भरायचं? मग मी नक्की हाय तरी कोण?”

ह्यांनी चष्मा काढून ठेवला. माझंही डोकं गरगरायला लागलं होतं. मी सगळ्यांना जेवायला वाढलं.

पुढचे कितीतरी दिवस खंडूभाऊ हाच एक प्रश्न घेऊन फिरत होते. आई तिथे आहे, तरी घरात कुणी नाही, हे कसं? कुणी म्हणे खोडसाळपणा. कुणी म्हणे वस्तीतलं घर एवढं वर गेलेलं बघवत नसेल कुणाला. ते खंडूभाऊंना पटलं, कारण त्यांनी तसले डोळे लहानपणापासून पाहिले होते. ह्यांनी हरकतीचा अर्ज लिहून दिला. पण अर्जात नक्की काय झालं ते लिहायला हवं, म्हणून शेजारच्या माहूज भागात राहणाऱ्या एका गाववाल्याबरोबर गंगूबाईंना कॅसेट गेली, की नगरपालिकेचा साहेब घर बघायला आला तेव्हा काय काय झालं ते सगळं सांग.

तिचं उत्तर आलं तेव्हा आम्ही चौघं आमच्याच हॉलमध्ये टेपरेकॉर्डरभोवती बसलो. सुमनबाईंचा टेप मेला कॅसेट गिळायचा.

म्हातारीचा आवाज खणखणीत होता. “खंडू, लेकरा, जय भीम. साहेब आला हुता. लई मोठा साहेब, पॅन्टबूटवाला. म्या त्याला समदं घर दावलं. झुंबर दावलं. सोफ्यावरचं पलास्टिक बी दावलं, अजून तसंच हाय म्हनलं. फिरिजचं खोकं बी ठेवलंय म्हनलं. त्यो म्हनला, म्हातारे, हितं कोन ऱ्हातं? म्या म्हनलं, कुनाची हिंमत हाय! माझ्या लेकाचं घर हाय, एक पाय पडू दिला न्हाई म्या...”

एवढ्यात टेपमध्ये धाडधाड आवाज झाला आणि म्हातारी ओरडली, “हाड्, हाड्! मुडदा बशिवला या माकडांचा, पत्रा फोडत्यात का काय!”

सुमनबाई हसली. मीही हसले. खंडूभाऊंनी टेप बंद केला.

“पत्रा?” ते म्हणाले. “माझ्या घराला पत्रा कुठाय?”

त्यांनी मागे नेऊन तेवढाच तुकडा परत लावला. माकडं धाडधाड पत्र्यावर नाचत होती. आत स्लॅबखाली बसलेल्या माणसाला असा आवाज येत नाही, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. घराच्या मागे वडिलांची ती जुनी खोप होती. पाडायची म्हणत म्हणत राहून गेली होती.

दर सुट्टीला खंडूभाऊ आणि सुमनबाई जायचे तेव्हा म्हातारी आतच असायची, यांच्याबरोबर जेवायची, झोपायची. ही दोघं टॅक्सीत बसली की ती दाराला कुलूप लावून मागच्या खोपीत जात असणार.

खंडूभाऊंनी टेप पुढे चालू केला. म्हातारी सांगत होती, “साहेबाला म्हनलं, लिवा, जास्ती लिवा. बहारीनच्या पैशाचं घर हाय. त्यानं बी लिवलं बग. पेठंतल्या सराफापेक्षा आपली पट्टी जास्ती हाय, लेकरा! घरपट्टीत पयला नंबर आपला. म्या समद्या वस्तीत साखर वाटली.”

ज्या पट्टीपायी इथे लेकाचा घास गोड लागत नव्हता, तिची तिकडे आईनं साखर वाटली होती! हसावं की रडावं कळेना. मला तर रागच आला. कुणाचा, ते आजही सांगता यायचं नाही. म्हातारीचा नाही एवढं नक्की.

“मीच म्हणायचो ना,” खंडूभाऊ म्हणाले. “वस्तू जप, वस्तू जप.” आणि एवढा दांडगा गडी लहान पोरासारखा हमसून रडला.

त्याच दिवशी त्यांनी उलट कॅसेट भरली. आई, आत राहा, आत शिजव, साहेब परत येईल, त्याला सांग मी इथंच राहते. हरकतीचा अर्जही गेला. आमचे हे म्हणाले, “आता सोपं आहे.” मी हात जोडले.

ह्या खेपेला मात्र सोपंच निघालं. काही महिन्यांनी म्हातारीची कॅसेट आली. सुरुवातीलाच मागे पंख्याची घरघर ऐकू आली. खंडूभाऊंनी सुमनबाईंकडे बघितलं. आत आहे!

“खंडू, जय भीम. साहेब परत आला हुता. म्या म्हनलं, मी ऱ्हाती हितं. त्यानं माझं हातरून बगितलं, चुलीची राख बगितली. पट्टी कमी केली म्हनला.”

“सवलत मिळाली!” आमच्या ह्यांनी मांडीवर थाप मारली. सुमनबाईंनी डोळ्याला पदर लावला. मी चहाचं आधण ठेवून परत येऊन बसले.

“पर लेकरा, माजं चुकलं रं.” म्हातारीचा तो खणखणीत आवाज एकदम बारीक झाला. “मी आत आले आन् तुज्या घराची किंमत उतरली. सराफाचं घर वर गेलं. पयला नंबर गेला आपला, माज्यापायी. तू रागवू नगंस. म्या जपून ऱ्हाती. पलंगावर निजत न्हाई, त्यो तुजा हाय. खाली गोधडी टाकती. पलास्टिकला हात लावला न्हाई.”

कॅसेट संपली. चहाचं आधण उकळून उकळून आटलं तरी मला उठवेना.

मग खंडूभाऊंनी कोरी कॅसेट घातली आणि भरायचं बटण दाबलं. त्या कॅसेटमध्ये आमच्या एसीचा आवाज तेवढा भरत होता.

“आई,” ते शेवटी म्हणाले, “पलंगावर नीज. मी आलो की खाली गोधडीवर निजंन.”

बटण मीच बंद केलं.