ओल्या हाताची पुट्टी

माझी मुलगी अपेक्षा बोटभर उंचीचे सैनिक करते. आत तारेचा सांगाडा, त्यावर पुट्टीचं अंग, आणि दाताच्या डॉक्टरांकडून मागून आणलेल्या जुन्या सळईनं कोरलेला चेहरा. वडूजमध्ये तिला सगळे बाहुल्यावाली म्हणतात. "बाहुलीच्या हातात बंदूक असते का?" असं ती विचारते.

सुरुवातीला ती हार्डवेअरच्या दुकानातली, गळक्या नळाला लावतात ती पुट्टी वापरायची. पांढरा गोळा आणि काळा गोळा मळायचा, की थोड्या वेळात त्याचा दगड. शिवाय रवाळ. नाक करायला घ्यावं तर हातात खडा. मग तिनं कुरियरनं दुसरी मागवली. ती पट्टी असते, एका अंगानं पिवळी, दुसऱ्या अंगानं निळी. दोन्ही सारखी घेऊन मळली की हिरवी होते आणि तास-दीड तास मऊ राहते. दोन रंग जिथे एकमेकांना टेकतात ती कड कापून टाकायची, तिथे आधीच घट्ट झालेले कण असतात. हे सगळं तिनं स्वतः शोधून काढलं. माझ्याकडून एकच गोष्ट घेतली, आणि तीच नडली.

पुट्टी बोटांना चिकटायची. भाकरी थापायला शिकवताना मी तिला सांगितलं होतं, हात ओला ठेव, पीठ चिकटत नाही. तिनं पुट्टीलाही तेच केलं. उघड्या हातानं, वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवत, तासन्‌तास. वाटी लांब असली तर बोट जिभेला लावायची. मी बघत होते. मला कौतुक वाटत होतं.

या फेब्रुवारीत तिनं लालासाहेबांचं काम घेतलं. ते निवृत्त सुभेदार. त्यांच्या तुकडीतले अकरा जण त्यांना करून हवे होते. दहा झाल्यावर बघायला आले आणि स्वतःला ओळखून म्हणाले, "आवं वहिनी, माझं प्वाट एवढं न्हवतं तवा."

"काका, ते आता वाळलं," अपेक्षा म्हणाली. "कमी करायचं तर तुमचंच करा."

ते हसले. मग खिशातून एक फोटो काढला. अकरावा त्यांचा धाकटा भाऊ, सीमेवरून परत न आलेला. "ह्याचं त्वांड नीट कर, पोरी. आमची म्हातारी हाय अजून. तिला बघायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी अपेक्षानं हाक मारली. "आई, डोळे उघडत नाहीयेत." पापण्या सुजून बंद झाल्या होत्या, मान लाल, बोटांच्या बेचक्यांत फोड. शेजाऱ्यांच्या गाडीतून साताऱ्याला जाताना मी तिच्या नाकाशी सारखी बोटं नेत होते.

डॉक्टरांनी पुट्टी बघितली. म्हणाले, "कच्च्या पुट्टीची अ‍ॅलर्जी आहे. उघड्या हातानं मळून मळून अंगानं हे ओळखून ठेवलंय. आता थोडंसं लागलं तरी पुरेल. पुढे श्वासावर जाऊ शकतं. सोडून द्या."

सूज उतरायला दहा दिवस लागले. अकराव्या दिवशी तिनं निळे रबरी हातमोजे आणले.

"काकांना सांगू, दहाच झाले म्हणून," मी म्हणाले.

"त्यांच्या आईला दहा जण दाखवू? तिचाच त्यात नसताना?"

पुट्टी मीच मळली, मीही हातमोजे घालून. ती फक्त सळईनं काम करत होती. हातमोज्याची सुरकुती गालावर उमटायची, ती चिडून पुसायची, पुन्हा करायची. चेहरा झाला. फोटोतल्यासारखाच, थोडा हसरा. मी मात्र त्याच्याकडे कमी आणि तिच्या पापण्यांकडे जास्त बघत होते.

सकाळी पापण्या स्वच्छ होत्या. माझा जीव भांड्यात पडणार, एवढ्यात दिसलं की मार्चच्या उन्हातही तिनं बाह्या मनगटापर्यंत ओढल्यात.

"दाखव."

"डास चावलाय गं."

हातमोजा जिथे संपतो तिथे लाल पट्टा उठला होता, बांगडीसारखा गोल. तिनंही तो नीट बघितला.

"काकांना तूच दे सगळे," ती म्हणाली. "आणि उरलेली पट्टीही देऊन टाक. नळाला लावतील."

मला हसू आलं नाही. मी डॉक्टरांना फोन लावला. पलीकडे कोणी उचलेपर्यंत तिला विचारत राहिले, श्वास नीट येतोय ना, आणि ती दर वेळी, न कंटाळता, येतोय म्हणत राहिली.