पुसलेला आलेख

लातूरच्या एका क्लासमध्ये मी फिजिक्स शिकवायचो आणि दुसरे एक सर गणित. भूकंपानंतर उभारलेल्या पत्र्याच्या खोलीत आमच्यामध्ये एक प्लायवूडची भिंत होती, त्यामुळे त्यांचा तास मला रोज ऐकू यायचा. कुणी उत्तर दिलं, अगदी बरोबर दिलं, तरी ते मान तिरकी करून विचारायचे, "पक्कं?" धीट पोरं चुकीच्या उत्तरालाही ठणकावून "हाव सर" म्हणायची.

एकदा मी खडू मागायला त्यांच्या वर्गाच्या दारात गेलो. भूकंपात घरं पडलेल्या गावातली एक अबोल मुलगी फळ्यावर एक भागिले एक्सचा धन बाजूचा आलेख काढत होती. आलेख बरोबर होता. सरांनी सवयीनं "पक्कं?" विचारलं आणि तिनं घाईघाईनं तो पुसून टाकला.

सर म्हणाले, "बरोबर होतं की, माय. मी विचारलं म्हणून पुसलंस. चूक माझी हाय." तिला पुन्हा काढायला सांगून ते शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

तिनं काढला. पहिल्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "रेघ खालच्या अक्षाला टेकली पाहिजे."

तिनं सरांकडे पाहिलं. सरांनी नुसतं फळ्याकडे बोट दाखवलं.

"टेकली तर वाय शून्य होईल," ती हळूच म्हणाली. "एकाला कितीबी मोठ्या आकड्यानं भागलं तरी शून्य येत न्हाई. मग टेकणार कशी?"

मुलानं आपल्या वहीतली रेघ खोडली. मी खडू विसरून दारातच उभा होतो.

"आता ऋण बाजूचं सांग," सर मागूनच म्हणाले, आणि तिनं सरांकडे न पाहता दुसरी रेघ काढायला घेतली.