राणीनं स्वतःचीच अंडी खाल्ली!



ग्रुपवर मी जिचे फोटो टाकते ती, कळंबच्या आमच्या अंगणात सापडलेली मुंगी आठवते ना? रुंद छाती, पंख गळाल्याच्या खुणा, म्हणून राणी ओळखली. तळाशी पाणी आणि कापसाचा बोळा घातलेल्या काचनळीत ठेवली, वर काळं फडकं गुंडाळलं. सात अंडी घातली होती तिनं.

आज बघते तर एकच उरलेलं, तेही ती चावत होती!

मी ओरडले, “आई, हिनं स्वतःची अंडी खाल्ली!”

सासूबाई म्हणाल्या, “फडकं किती येळा काढलंस?”

“रोज. फोटोसाठी.”

“बाळंतिणीच्या खोलीत असं सारखं डोकावतं व्हय गं कुणी?”

वाचलं तर खरंच, उजेडानं, हादऱ्यानं घाबरली की राणी अंडी खाते.

काल ग्रुपवर तुम्ही सगळे “अजून एक फोटो टाक” म्हणालात. मी लगेच फडकं काढलं.

खरं सांगा, माझ्या जागी तुम्ही फडकं न काढता थांबला असतात?