आधीच्या काकांचे सोळा बार

चेंबूरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी आमच्या बिग बँडची तालीम असते. सोळा-सतरा जण असतात. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन, मागे पियानो आणि ड्रम. वाजवतात जॅझ. मी चारकोपहून क्लॅरिनेट घेऊन, बस बदलत जाते. मला जॅझ कळतो असं अजून ठामपणे म्हणता येणार नाही. पण त्या खुर्चीवर मी कशी बसले ते लिहिता येईल असं वाटतं.

हा बँड ज्यांनी उभा केला त्यांना सगळे मोठे सर म्हणतात. मी त्यांना पाहिलेलं नाही. मी शाळेत असतानाच ते गेले. त्यांची एक पद्धत होती. कागदावर वर 'पहिला ट्रम्पेट', 'दुसरा ट्रम्पेट' असं न लिहिता ते वाजवणाऱ्याचं नाव लिहायचे, आणि त्या माणसाला जे जमतं तेच खाली उतरवायचे. एखाद्याचा वरचा सूर कापत असेल तर तो कापरा सूर कुठे शोभेल ते शोधायचे. माणूस बदलला की कागद नवा. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच माहीत होतं की कॉलेजच्या कार्यक्रमात माझं वाजवणं ऐकून मॅडमनी मला इथे पाठवलंय. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे मॅडम जा म्हणाल्या की जायचं असतं असं मी धरून चालते.

बँडचे क्लॅरिनेटवाले काका मुलीकडे परदेशी राहायला गेले होते. मोठ्या सरांचे एक शिष्य आता बँड चालवतात; त्यांना नुसतं सर म्हणतात. त्या सरांनी मला सांगितलं, "चार रविवार ये. जमलं तर कार्यक्रमात बसशील. नाहीतर ही रचना यंदा गाळू." त्या रचनेत मध्ये सोळा बार मोकळे होते. बार म्हणजे चार ठोक्यांचा एक तुकडा. मागे ताल चालू राहतो आणि क्लॅरिनेटने एकट्याने मनचं वाजवायचं. मनचं म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. वर्गातसुद्धा मी विचारत नाही.

जुन्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग कोणीतरी फोनवर पाठवलं. माझे बाबा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये प्लॅस्टिकच्या मशीनवर काम करतात आणि लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. मला त्यांनीच शिकवलं. त्यांच्या बँडचा नियम साधा आहे. मास्तर जसं वाजवेल तसं बाकीच्यांनी वाजवायचं. रोज सकाळी बाबांच्या शिफ्टच्या आधी आम्ही ओट्यावर फोन ठेवून ते सोळा बार एक एक सूर करत उचलले. काकांनी मध्येच जिथे श्वास घेतला होता, तिथे मीही घेतला.

तिसऱ्या रविवारी मी वाजवलं. एक सूरही चुकला नाही. ड्रमवाला हसायला लागला.

"कुणाचं वाजवलंस?" सरांनी विचारलं.

"आधीच्या काकांचं. चुकलं का?"

"चुकतंय कुठे? श्वाससुद्धा त्याचाच घेतलास."

ट्रम्पेटवाले काका म्हणाले, "तो जिवंत आहे गं अजून. त्याचं त्याला राहू दे ना."

सगळे हसले. वाईट हेतूने नाही, पण माझे कान तापले. सर म्हणाले, "पुढच्या रविवारी तुझं आण. थोडं असलं तरी चालेल."

घरी सांगितलं तर बाबा दुखावले. "चूक नाय, तर हसले कित्याक? मास्तराचा उचलूचा नाय तर शिकूचा कसा?"

मग मी त्यांना एक विचारलं. वरात सिग्नलला अडकते, गाणं संपलेलं असतं, निम्मी मंडळी मागे राहिलेली असतात. तेव्हा तुम्ही एकटेच काहीतरी वाजवत राहता. ते कुणाचं?

"तां काय वाजवणा न्हय. तां लोकांका धरून ठेवणा."

"पण शिकवलं कुणी?"

"कोणी नाय. मी समोर बघतंय. नाचणारो दमलो काय सूर लांब धरतंय."

चौथ्या रविवारी मी कागदाकडे न बघता ड्रमवाल्याच्या हाताकडे बघितलं आणि लांब सूर धरले. आठ बार झाले. पुढे काहीच सुचलं नाही. मी क्लॅरिनेट खाली घेतलं. उरलेले आठ बार नुसता ताल वाजत राहिला, आणि मला वाटलं, संपलं आपलं.

सरांनी माझा कागद उचलला, पेन्सिलीने काहीतरी खोडलं. "आठ तुझे." मग मागच्या रांगेतल्या जाड्या ट्रॉम्बोनवाल्यांकडे बघून म्हणाले, "पुढचे आठ तुम्ही घ्या, खालच्या सुरांत."

"सर, मी सोळा करीन."

"करशील तेव्हा कागद बदलू. कार्यक्रमाला काळे कपडे घालून ये."

मी बसणार होते, तरी मार्क कापल्यासारखं वाटलं. चहा पिताना ट्रम्पेटवाले काका म्हणाले, "माझ्या कागदावरून मोठ्या सरांनी वरचे तीन सूर काढून टाकले होते. महिनाभर रुसलो होतो मी. मग कळलं, बाकीचे सूर लोक आता ऐकतायत."

कार्यक्रमात मी माझे आठ बार वाजवले. एक सूर किंचाळला. बाबा शेवटच्या रांगेत होते. बसस्टॉपवर ते म्हणाले, "बरा वाजवलंस. पण तुझा अर्धा त्या जाड्यान खाल्ल्यान. सरांका सांगूक व्हया होता."

मी समजावलं की खाल्लं नाही, तसंच लिहिलंय, मला जेवढं येतं तेवढं माझं आणि तिथून पुढे त्यांचं. बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे तुका सोळा जमूक नाय."

"नाही जमले," मी म्हटलं. बोलायला जड गेलं, पण ते खरं होतं.

"मग जमासर जा," ते म्हणाले आणि बस येतेय का ते बघायला पुढे झाले.

जमेपर्यंत जा म्हणाले, मी जातेय. अजून आठच होतात.